साडूची इस्त्री

पुस्तकांना इस्त्री करणारा माणूस अख्ख्या भूतलावर एकच जन्माला आला असणार, आणि तो नेमका माझा साडू निघाला. नुसता सणावारी भेटला असता, तर मीही त्याचं तोंडभरून कौतुक केलं असतं. पण चिखलीजवळच्या आमच्या विद्यापीठ उपकेंद्राच्या ग्रंथालयात मी सहायक ग्रंथपाल आणि तो परिचर. पदव्या माझ्याकडे, कीर्ती त्याच्याकडे. कोणी पानाचा कान पिळून पुस्तक परत केलं की हा त्यावर सुती फडकं पसरतो आणि कोमट इस्त्री अशी फिरवतो, की तापाच्या पोराचं अंग पुसतोय असं वाटावं. मग पान उजेडात धरून हळहळतो, "घडी जाते साडभाऊ, रेघ राह्यते." विद्यापीठातल्या एका साहेबांनी हे पाहिलं आणि पुढच्याच महिन्यात साडू तिथल्या कार्यशाळेत ग्रंथपालांना पानांची निगा शिकवायला उभा राहिला. मी तिसऱ्या रांगेत शक्य तितका लहान होऊन बसलो होतो. तरी त्याने भर सभेत हाक मारलीच, "साडभाऊ, जरा वायर धरा बरं!" एवढं शिकून मी अर्धा तास इस्त्रीची वायर धरून उभा होतो.

मुदत उलटलेली पुस्तकं वसूल करायची त्याची तऱ्हाही जगावेगळी. मी नियमाप्रमाणे तीन स्मरणपत्रं पाठवतो, त्यांना उत्तर येत नाही. हा एसटीने थेट दुसरबीडला जातो, वाचकाच्या ओसरीवर बसतो, त्याच्या म्हशीची चौकशी करतो, आणि संध्याकाळी पुस्तक घेऊन येतो. वर पिशवीभर हरभरा. आमच्या ग्रंथालयाचं एक वार्तापत्र निघतं, त्यात 'कर्मचाऱ्यांचे यश व उपक्रम' असं सदर असतं. हरभऱ्याचं हे प्रकरण तिथे 'वाचक संपर्क अभियान' म्हणून छापून आलं. ते लिहिलं कोणी? मीच. अख्खं सदर मीच लिहितो. अंक घरी आणला की बायको चष्मा लावून वाचते. मागल्या वेळी म्हणाली, "जवाईबापूचं नाव चार ठिकानी हाये. तुमचं कुठी हाये?"

"सगळ्यात खाली. संकलन म्हणून."

"लय बारीक हाये वं माय," असं म्हणून तिने लगेच धाकट्या बहिणीला, म्हणजे साडूच्या बायकोला, फोन लावला. माझा असा जळफळाट झाला की त्या रात्री मी जेवलो नाही.

यंदा विद्यापीठाने उत्कृष्ट ग्रंथालय कर्मचारी पुरस्कारासाठी आमच्याकडून एकच नाव मागवलं. मला तो पुरस्कार हवा होता, अगदी लहान मुलाला जत्रेतला फुगा हवा असतो तसा. ग्रंथपाल मॅडम मात्र साडूचं नाव घेऊ लागल्या, कारण त्याच्या ताब्यातल्या जुन्या ग्रंथांच्या खोलीतलं एकही पुस्तक कधी हरवलं नव्हतं. "माह्या खोलीतलं पुस्तक हरवत नाई, रुसून बसते," असं तो सांगत फिरायचा. म्हटलं, बसव रुसून. वार्षिक पडताळणीच्या आदल्या दिवशी लोणारच्या सरोवराच्या पाण्यावरचा एक जुना प्रबंध, एकुलती एक प्रत, मी त्याच्या खोलीतून उचलला आणि कायद्याच्या पुस्तकांमागे घाईघाईने कोंबला. पडताळणीत एक नग कमी भरला. साडूचा चेहरा उतरला, आणि लाज वाटते सांगायला, मला गार वाटलं.

दुसऱ्या दिवशी साडू कुठेतरी वसुलीला गेला आणि इकडे लोणारहून एक संशोधक मुलगी आली. तिला नेमका तोच प्रबंध हवा होता, आठवड्याभरात तिचं काम सादर व्हायचं होतं. ती रडायलाच लागली. मी मुकाट्याने कायद्याच्या मांडणीकडे गेलो, आणि प्रबंध तिथे नव्हता! दोन दिवस मी स्टुलावर चढून एकेक कप्पा उपसला. धुळीने डोळे सुजले, सदरा काळा झाला. मॅडम येता-जाता बघत होत्या.

तिसऱ्या सकाळी ती मुलगी पुन्हा येऊन बसली होती, तोच साडू आला; माझ्या शोधाची हकिकत बहिणी-बहिणींच्या फोनवरून त्याला कळली होती. पिशवीतून प्रबंध काढून त्याने त्या मुलीच्या हातात दिला आणि मॅडमसमोर म्हणाला, "आमच्या साडभाऊनं शोधला बरं पोरी, म्या रातून नुस्ती इस्त्री केली. दोन दिवस धूळ खाल्ली त्यायनं. त्यायच्या पाया पड."

ती खरोखर पाया पडली. नंतर मला एकट्याला गाठून तो हळूच म्हणाला, "पडताळणीच्या सांजंलेच सापडला व्हता. कायद्याच्या मांगं. वीस पानं दुमडली व्हती, म्हणून घरी नेला इस्त्रीले." कोणी ठेवला, हे त्याने विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. तेवढी हिंमत माझ्यात नव्हती.

वार्तापत्रात पहिल्यांदा माझं नाव ठळक आलं: दुर्मिळ प्रबंध शोधून काढल्याबद्दल. तो मजकूर मॅडमनी स्वतः लिहिला. मग पुरस्कारासाठी नावही माझंच गेलं, आणि मी नाही म्हणालो नाही. पुरस्कार घेऊन विद्यापीठातून परतताना एसटीच्या गर्दीत प्रशस्तिपत्राला मधोमध घडी पडली. बायकोने ते सरळ साडूकडे पाठवलं.

मी आणायला गेलो तेव्हा तो फडकं पसरून इस्त्री फिरवत होता. मी वाट पाहत होतो, आता म्हणेल, मग म्हणेल. शेवटी मीच म्हणालो, "घडी जाते, रेघ राह्यते."

त्याने कागद उजेडात धरला, एक डोळा मिटून पाहिला आणि म्हणाला, "काचेमांगं दिसत नाई, साडभाऊ."

प्रशस्तिपत्र आता आमच्या बैठकीत लावलंय. पाहुणे वाचतात, कौतुक करतात, रेघ कोणालाच दिसत नाही. साडू या वर्षाअखेर निवृत्त होतोय. घरी आला की तो त्या भिंतीकडे पाठ करून बसतो, मला त्रास होऊ नये म्हणून. त्याच्या या चांगुलपणाचाही मला अजून हेवा वाटतो.