संमती आणि कौल

मुलुंडच्या एका रुग्णालयात मी नव्या औषधांच्या चाचण्यांची समन्वयक होते. औषध डॉक्टर देत. नातेवाइकांना समजावणं, कॅमेऱ्यासमोर संमती घेणं, रक्ताचे नमुने, कुरिअर हे माझं काम. पक्षाघाताच्या चाचणीत सगळंच घाईचं. झटका आल्यापासून ठरावीक तासांत औषध गेलं नाही, तर रुग्णाला चाचणीत घेता येत नसे. माझ्या यादीत ‘विचारासाठी पुरेसा वेळ’ असं एक कलम होतं. नियम तो द्या म्हणायचा, मेंदू देत नसे.

एकदा भांडुपचे एक गृहस्थ आले. दाढी करताना उजवी बाजू लुळी पडली, वाचा गेली. गुठळी विरघळवणारं नेहमीचं इंजेक्शन लगेच दिलं. चाचणीचं औषध त्याच्या जोडीला द्यायचं होतं. संमतीसाठी त्यांची बायको आणि मुलगा माझ्यासमोर बसले. मी सांगितलं की नाही म्हटलंत तरी नेहमीचे उपचार चालूच राहतील, फायद्याची खात्री नाही आणि रक्तस्रावाचा धोका थोडा वाढू शकतो. मुलगा तयार होता, पण आईला डावलून सही करेना.

बाईंनी सगळं नीट ऐकलं आणि कोकणात गावी फोन लावला. मला वाटलं, दिराला विचारतायत. पण बाई देवळाच्या गुरवाला कौल लावायला सांगत होत्या. मूर्तीला ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, कुठल्या बाजूची आधी पडते ते पाहायचं. त्यांच्याकडे मोठे निर्णय असेच होत. गुरवाला आधी आंघोळ करून देवळात जायचं होतं.

मुलगा वैतागला. “आई, बाबा आत पडलेत आणि तू पाकळ्या कसल्या बघतेस?”

“तुझी बायको कौल घेऊनच आणली. तेव्हा बरा गप्प होतास.”

मी मध्ये पडले नाही. प्रत्येक जण कोणाला तरी विचारतोच. कुणी अमेरिकेतल्या भाच्याला, कुणी ओळखीच्या केमिस्टला. मी पुढचं कलम वाचलं. औषध मिळणार की नुसतं मिठाचं पाणी, हे संगणक ठरवणार होता.

“मोठ्या डॉक्टरांना तरी कळणार ना?” बाईंनी विचारलं.

“नाही. मलाही नाही.”

“मग हा कौलच झाला की.”

मी म्हटलं, “काय मिळेल ते संगणक ठरवतो. भाग घ्यायचा की नाही, ते तुम्ही ठरवायचं, ताई.”

“ते ठरवलं,” म्हणून त्यांनी पुन्हा गावी फोन लावून गुरवाला थांबवलं. “रवांदे. कौल हय लावलो.” एका गोष्टीला दोन कौल लावत नाहीत, हे त्यांनी मला समजावून सांगितलं. मग पदर सारखा करून कॅमेऱ्याकडे बघत सही केली. औषध वेळेत सुरू झालं.

काही महिन्यांनी ते गृहस्थ तपासणीला काठी टेकत आले. वाक्यं अर्ध्यात तुटत होती. मुलाने विचारलं, काय मिळालं होतं? चाचणी संपेपर्यंत कळणार नाही, मी सांगितलं. माझ्या प्रश्नावलीत स्वतः कपडे घालण्याबद्दलचा प्रश्न आला तेव्हा बाई त्यांच्या शर्टाची बटणं लावत होत्या. गृहस्थांनी उजव्या हाताने बाईंचा हात बाजूला केला. वरचं बटण लागलं, दुसरं चुकीच्या काजात गेलं. मी ‘थोड्या मदतीने’ यावर खूण केली.