फवारणीवाले मामा

नोझल अडकलं की मामा पाठीवरचा पंप न उतरवताच ते काढायचे, तोंडात धरायचे आणि फुंकून मोकळं करायचे. मग मिशा पुसत म्हणायचे, "औषध मला वळखतंय. ते मला काय करत न्हाई."

पिकावरच्या विषाला आमच्या हिंगोलीकडच्या गोरेगावात औषधच म्हणतात, तुमच्याकडेही म्हणत असतील. मामा माझे नात्यातले कुणी नव्हेत. ते साऱ्या गावाचे मामा. फवारणीच्या दिवसांत पार साखरा गावापर्यंतची वावरं त्यांच्यावाचून अडायची.

तोंडाला रुमाल बांधा म्हटलं की हसायचे. "नवरी हाय का मी?" बादलीतलं औषध कोपरापर्यंत हात घालून ढवळायचे आणि काम संपलं की गुळाचा खडा तोंडात टाकायचे. गुळानं विष उतरतं, अशी त्यांची खात्री. त्यांचीच कशाला, आम्हा सगळ्यांचीच. फवारणाऱ्याला मजुरीबरोबर गूळ द्यायचा, हा रिवाजच होता. गूळ दिला की आम्हीही निश्चिंत.

मग मामा विसरू लागले. एकदा बायकोला घेऊन सेनगावच्या बाजाराला गेले आणि तिला तिथंच ठेवून जीपनं एकटेच परतले. गावाला हसायला चांगला विषय मिळाला. मामीही हसल्या. "बरं झालं, मी निवांत फिरले."

गेल्या पावसाळ्यात मात्र त्यांनी माझ्या कपाशीवर तणनाशक मारलं. डबे ओळखता आले नाहीत. आठवडाभरात पीक करपलं. मी तावातावानं वावरात गेलो, तर मामा बांधावर उभे, डोळ्यांत पाणी.

"कुनाचं वावर जळलं हो हे? कसं करंल बिचारा?"

माझा राग जागच्या जागी विरला. मी घाबरलो.

मामींना घेऊन आम्ही त्यांना हिंगोलीला मोठ्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी विचारलं, "यांचं आयुष्य कशाकशात गेलं?"

"जलमापासून सांगू का?" म्हणत मामी सांगत गेल्या. लहानपण चुलीच्या धुरात. तरुणपण मळणीयंत्राच्या आवाजात; त्यात एक कान गेला. तोंडात कायम तंबाखू. एकदा झाडावरून डोक्यावर पडले. बीपीची गोळी आठवली तर घेतली. आणि फवारणी.

डॉक्टर म्हणाले, सगळ्याचाच भार थोडा थोडा मेंदूवर पडत गेला असेल. कशाचा किती, ते आता सांगता येणार नाही.

"मंग हे सारं बंद केलं तर डोकं वापस येईल का?"

डॉक्टरांनी नकारार्थी मान हलवली. मामींनी माझ्याकडे पाहिलं. "तुमी शिकलेले. तुमी तरी विचारा ना काई." काय विचारणार? एखादं कारण सापडलं असतं तर त्याच्याशी भांडलो तरी असतो. मला फार वाईट वाटलं, आणि त्याचा कुणालाच उपयोग नव्हता.

परवा त्यांच्या घरी गेलो. मामा ओट्यावर बसले होते. मामी भाकरीचं ताट घेऊन आल्या, तसे ते लगबगीनं उठले आणि परक्या बाईशी बोलावं तसे अदबीनं बोलले, "बाई, तुमच्याकडं फवारणी हाय का? घरी बायको वाट पाहून राहिली. रिकाम्या हातानं कसं जाऊ?"

मामींनी ताट खाली ठेवलं. पदर सारखा केला.

"हाय ना," त्या म्हणाल्या. "उद्या सकाळी या. आता जेवून घ्या."