तांदळाएवढं काम

आज सकाळी मी सुनेचा अंगठा बघत बसले होते. जेवणाच्या टेबलावर कॉम्प्युटर मांडून मुग्धा ऑफिसशी बोलत होती, आणि अंगठा टेबलाच्या कडेवर इतका दाबलेला, की नख पांढरं पडलं होतं. समोर मी, मांडीवर रफूला आलेली कुणाचीशी पैठणी.

"कामाच्या मोजणीत तुमचा प्रोग्राम सगळ्यांत लहान आहे, मॅडम," पलीकडून साहेब म्हणाले. "एक आकडा आत, एक बाहेर. दोन दिवस पुरेत."

"सर, आत तान्ह्या बाळाचं वजन जातं आणि बाहेर औषधाचा डोस येतो."

"मोजणी तीच राहते ना पण!"

माइक बंद करून ती माझ्याकडे वळली. "आई, आत काय गेलं नि बाहेर काय आलं, एवढंच मोजतात. मधे मी काय काय सांभाळते, त्याला मापच नाही."

मला काय कळतं त्यातलं! पण माझ्याकडे येणाऱ्या बायकाही भोकच मोजतात. "तांदळाएवढं तर आहे, मावशी, तासाभरात द्या." त्या तांदळात चार रंगांचे धागे असतात बाई, आणि काम जमलं की दिसतच नाही. न दिसणाऱ्याला माप कुठून आणायचं? माझं चुकलं तर एक साडी जाते. हिचं चुकलं तर?

मुग्धानं माइक सुरू केला. "दोन दिवसांत नाही देणार, सर."

माझी सुई अर्धी टोचलेली तशीच राहिली.

"मग कधी?"

"चुका सापडायच्या थांबतील तेव्हा."

अंगठा अजून पांढराच होता.