मोपेडचा पोळा

मला राग पटकन येतो, हे आमच्या घरात सगळ्यांना मान्य आहे. जुन्या इंजिनांवर मात्र तो निघत नाही. नवीन जालन्यात एका बियाण्यांच्या ऑफिसात मी नोकरी करते आणि सुट्टीच्या दिवशी खाली पार्किंगमध्ये बसून लोकांनी टाकून दिलेल्या मोपेड खोलते. नवरा त्याला खूळ म्हणतो. म्हणू दे. भंगारात निघालेल्या गाड्या माझ्या हातून धूर सोडत रस्त्याला लागल्या आहेत. आणि नेमकी माझ्या वडिलांचीच मोपेड मला दाद देईना.

अण्णा टेंभुर्णीजवळच्या आमच्या गावात एकटे राहतात. आई गेली, पाठोपाठ बैलजोडी विकली. जुन्या अपघातापासून त्यांच्या डाव्या पायात जोर नाही, गिअरची गाडी त्यांना जमत नाही. मोपेडला गिअरच नसतो, म्हणून त्यांचं शेत, त्यांचं दूध, त्यांचा बाजार सगळा त्या मोपेडवर. मागच्या पोळ्यानंतर ती बिघडली. चालू व्हायची, वेशीपर्यंत जायची आणि तिथं मान टाकायची. टेंभुर्णीच्या मिस्त्रीनं प्लग बदलला, कार्बोरेटर बदलला, शेवटी भंगारात घाला म्हणाला. अण्णा मग पायी शेतात जायला लागले आणि एकदा बांधावरून पडले. मला फोनसुद्धा शेजाऱ्यांनी केला.

मी तणतणत गावी गेले आणि त्यांच्याकडून शब्द घेतला. गाडी मी दुरुस्त करीन. चालली तर तुम्ही इथंच राहा, नाही चालली तर माझ्याकडं जालन्याला यायचं, कायमचं.  अण्णा ‘बराबर हाय’ एवढंच म्हणाले. लेकीच्या घरी राहायला जाणं त्यांच्या पिढीच्या माणसाला किती जड, हे मला काय माहीत नव्हतं? माझ्याकडं आले तरी ते चहा पिऊन संध्याकाळची एसटी गाठतात. पण पडलेला बाप माझ्या डोळ्यांपुढून हलत नव्हता.

मग माझे रविवार गावी जायला लागले. पेट्रोलमधलं ऑइलचं प्रमाण बघितलं, पिस्टन काढून बघितला. सायलेन्सरमध्ये काजळी बसली असेल म्हणून कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्या पेटवून त्यात तो लाल होईपर्यंत भाजला. अंगणात इंजिन झकास बोलायचं. वेशीपाशी गेलं की बंद. मी ढकलत आणायची, पेट्रोल आहे का म्हणून टाकीचं टोपण उघडून बघायची, लावायची, की पुन्हा चालू. डोकं फिरायची वेळ आली होती.

शेवटी एका रविवारी मी पोचले तर ओसरीवर अण्णांची पिशवी भरलेली. गाय शेजाऱ्यांच्या गोठ्यात गेली होती. पिशवीशेजारी ज्वारीचं एक छोटं पोतं, तोंड सुतळीनं शिवलेलं. हे कशाला, मी विचारलं.

“माझ्या खाण्यापुरती हाय,” अण्णा म्हणाले. “लेकीच्या घरचं फुकट बसून खायला न्हाई जमायचं, माय.”

माझ्या अंगाचा नुसता भडका उडाला. माझ्या घरी हा माणूस स्वतःच्या ज्वारीची भाकर वेगळी खाणार होता. बोलले असते तर वाईट बोलले असते, म्हणून मोपेड घेऊन तशीच बाहेर पडले. वेशीपाशी ती बंद पडली. सगळा राग काढत मी टोपण हिसकलं, आणि टाकीनं ‘सुस्स’ करून हवा आत ओढली. इतके रविवार मी हा आवाज ऐकलाच कसा नाही, देव जाणे.

टोपणाला बारीक भोक असतं. पेट्रोल खाली उतरतं तशी त्या भोकातून हवा टाकीत शिरते. भोक बुजलं की थोड्या वेळानं पेट्रोल उतरायचं थांबतं. मी टोपण उघडत होते तेव्हा हवा भरत होती, म्हणून गाडी पुन्हा चालू होत होती. मी टोपण उलटसुलट करून बघितलं. वर लाल ऑइलपेंट, खरवडला तर खाली हिरवा, त्याच्या खाली पिवळा. मला रस्त्यातच हसू फुटलं. बैल गेल्यापासून अण्णा पोळ्याला मोपेड धुतात, हार घालतात, पुरणपोळीचा नैवेद्य दाखवतात. हँडलची टोकं ही शिंगं आणि टाकीचं टोपण हे कपाळ. दर पोळ्याला ते शिंगांसोबत कपाळही रंगवत होते.

बांगडीतली सेफ्टीपिन काढून मी भोक मोकळं केलं आणि घरी येऊन अण्णांच्या हातात गाडी दिली. ते एकटेच गाडीवर बसून निघाले. वेस आली. आवाज वेशीच्या पलीकडं गेला, ओढ्याच्या उतारावरून शेताकडं गेला. मी ओसरीवर भरल्या पिशवीशेजारी बसून कान लावून ऐकत होते. आवाज परत येताना ऐकू आला तेव्हा मला रडू आलं. त्यांना न्यायचा हट्ट माझाच होता, आणि ते येणार नाहीत म्हणून सुटल्यासारखं वाटत होतं तेही मलाच.

अण्णांना सगळं सांगितलं. मंग कपाळ कोरंच ठेवायचं का, त्यांची पहिली काळजी ही. मी म्हटलं, कुंकू लावा, पण भोक सोडून. ते त्यांना पटलं. मग शेजाऱ्यांकडं जाऊन त्यांनी गाय सोडून आणली.

संध्याकाळी मला एसटी स्टँडला सोडायला निघाले तर त्यांनी ज्वारीचं पोतं उचलून मोपेडवर पायापाशी उभं केलं. मी म्हटलं, आता हे कशाला, तुम्ही तर इथंच राहताय.

“तवा माझ्या खाण्याची होती,” ते म्हणाले. “आता माहेरची हाय. बस मागं.”

मी मागं बसले. वेस आली तेव्हा मी त्यांचा सदरा घट्ट धरला, पण गाडी थांबली नाही.