राजन गुप्ते याचे भिन्नमत

राजन गुप्तेला अमेरिकेला जायचे होते. व्हिसा मिळाला नाही, म्हणून तो आइंडहोवन या डच शहरात चिप बनवणाऱ्या यंत्रांच्या कामावर आला. शरीराने तो इथे सायकलवर फिरतो. मनाने वॉशिंग्टनच्या सर्वोच्च न्यायालयात पुढच्या रांगेत बसलेला असतो. एकदा सायकलला दिवा नाही म्हणून पोलिसाने अडवले, तेव्हा त्याने मिरांडा खटल्याचा दाखला देऊन गप्प राहण्याचा हक्क बजावला. पोलीस म्हणाला, खुशाल गप्प राहा, पण दिवा लावा.

आमच्या मराठी मंडळाची घटना राजननेच लिहिली. अमेरिकेचा अध्यक्ष जन्माने नागरिक असावा लागतो. त्या धर्तीवर मंडळाचा अध्यक्ष नोकरीच्या व्हिसावर आलेलाच असावा, असे कलम त्याने घातले. अर्थ लावायला न्यायपीठ नेमले आणि त्यावर एकच न्यायमूर्ती, तो स्वतः. गणपतीचे मोदक कोणी करायचे याबद्दल मात्र घटना गप्प होती. ते बायका करत.

यंदा त्याची बायको वसुधा अध्यक्षपदाला उभी राहिली. ती नवऱ्याच्या व्हिसावर आलेली. आता तिचे स्वतःचे फिजिओथेरपीचे केंद्र आहे आणि गणेशोत्सवही तीच उभा करते. "हॉल मी मिळवायचा, आणि आभाराच्या भाषणात मी फक्त सौ. गुप्ते," ती मला म्हणाली होती. यंदा तिला ते नको होते.

त्यांची मुलगी जुई टिलबर्गला कायदा शिकते. आईच्या प्रकरणातून बाबांनी बाजूला व्हावे, असे तिने इंग्रजीत सुचवले. राजन उलट खूश झाला. अमेरिकेत दंडाधिकारी नेमलेल्या मार्बरीचे नेमणूकपत्र ज्या मंत्र्याच्या हातून पोचवायचे राहिले, त्या मार्शलनेच पुढे सरन्यायाधीश म्हणून त्याचा खटला ऐकला होता. दाखला तयार होता.

वार्षिक सभेत राजनने निकाल वाचला. वसुधाचा हक्क रास्त आहे, पण तो मिळवून देण्याचा अधिकार या न्यायपीठाला नाही. मार्बरीला अगदी असेच परत पाठवून मार्शलने संसदेचे कायदे रद्द करण्याचा अधिकार न्यायालयाच्या खिशात घातला होता. राजन इतिहास घडवल्यासारखा खाली बसला.

वसुधा उठली. "न्यायमूर्ती, तुम्हाला अधिकार नाही, हे पक्कं ना?"

"पक्कं."

"मग तो सभेला आहे. ते कलम काढून टाकावं, असा मी ठराव मांडते."

मागून जुईने शांतपणे सांगितले की या देशात संसदेचा कायदा घटनेला धरून आहे की नाही हे न्यायाधीश तपासतच नाहीत. ते संसदच पाहते. राजनने घाईने तीन चतुर्थांश बहुमताची अट पुढे केली.

"मोज की," वसुधा म्हणाली.

आधी बायकांचे हात वर गेले. मग शेजारी बघत बघत नवऱ्यांचे. विरोधात एकटा राजन उरला. अध्यक्षपदासाठी दुसरे कोणीच उभे नसल्यामुळे वसुधा लगेच निवडून आली.

सभा संपल्यावर राजन मला समजावू लागला. आता तो भिन्नमत लिहिणार होता. प्लेसी खटल्यात काळ्या प्रवाशांना रेल्वेचा वेगळा डबा योग्य ठरवला गेला, तेव्हा एकच न्यायाधीश विरोधात होता. आणि अर्ध्या शतकानंतर ब्राउन खटल्यात त्याचीच बाजू खरी ठरली. आपलेही तसेच होईल, याची राजनला खात्री होती.

तो न्यायाधीश वेगळ्या डब्यात बसवलेल्यांच्या बाजूने होता, हे मी त्याला सांगणार होते. पण तेवढ्यात अध्यक्षांनी त्याला खुर्च्या उचलायला बोलावले.