शेंड्यावरच्या चेरी

एबरहार्ट दर जुलैत आंबट चेरीच्या शेंड्यावरची फळं कस्तुर पक्ष्यांसाठी राखून ठेवायचा. तो गेल्यावर त्याच्या बायकोने, रोझविटाने, ती रीत मोडली नाही. लाइपझिगच्या बागवस्तीतल्या त्यांच्या भाड्याच्या छोट्या बागेत त्याच्या हातचं हे एवढं एकच झाड उरलं होतं, आणि तेच गेले दोन वसंत बहर येताच करपत होतं. डहाळ्या टोकाकडून वाळत चालल्या होत्या.

फेब्रुवारीतल्या एका कोरड्या दुपारी शेजारचा लुट्झ शिडी घेऊन आला. वर बघून म्हणाला, "रोझविटाबाई, ती सुकलेली फळं आधी काढू. बुरशी हिवाळाभर त्यांच्यातच दडून बसते आणि वसंतात बहर करपवते."

"ती पक्ष्यांची आहेत."

"पक्षी तुमच्यापेक्षा चोखंदळ. एकानेही चोच लावलेली नाही."

तिने मान वर केली. काळी, आक्रसलेली फळं खरोखरच जशीच्या तशी लटकत होती. मग पुढे होऊन तिने शिडी धरली.

लुट्झने वाळल्या डहाळ्या निरोगी लाकडापर्यंत मागे कापल्या. फळांची बादली ती खताच्या ढिगाकडे नेऊ लागली, तेव्हा तो वरूनच म्हणाला, "तिथे नको. बुरशी पुन्हा झाडावर चढेल. कचऱ्याच्या डब्यात टाका."

मे महिन्यात बहर टिकला. जुलैत तिने शेंड्यावरची फळं पुन्हा राखली. ऑगस्टमध्ये मात्र ती स्वतःच लुट्झकडे शिडी मागायला गेली.

"आता कशाला?"

"पाहुणे जेवून गेले. टेबल आवरायला नको का?"