सर्दीचं पोर आतल्या खोलीत

आमच्या खालच्या मजल्यावर मावशींचं पाळणाघर आहे. बाहेरची खोली पोरांची, आतली त्यांच्या सासूबाईंची. सासूबाईंना सगळे आजी म्हणतात. मीही म्हणते, आणि मी काही आता कोवळी राहिलेली नाही.

मावशी तोंडाने फटकळ, हाताने मऊ. त्यांचा एक नियम कडक होता: ज्याचं नाक वाहतंय ते पोर बाकीच्यांत बसणार नाही. पण परत तरी कसं पाठवायचं? आईबापांना ऐनवेळी सुट्टी कोण देतंय! मावशींनी त्यावर तोड काढली होती. शिंकणारं पोर उचलायचं आणि आत आजींच्या मांडीवर नेऊन ठेवायचं.

"म्हातारीला काय होतंय? जन्मभर पोरांची नाकं पुसलीत तिनं," मावशी म्हणायच्या. आम्हा सगळ्यांना ते पटायचं.

आजींची तर चंगळच होती. गुडघे गेलेले, हृदय अशक्त, दिवसभर खुर्ची आणि खिडकी. सकाळी पोरं यायला लागली की आतून हाक यायची, "आज कुणाचं नाक वाहतंय गं?" कुणाचंच नसलं तर तोंड एवढंसं व्हायचं. मी चिडवायचे, "आजी, तुम्ही पोरांच्या वाईटावर टपलेल्या!" त्या खुदकन हसायच्या. तापलेलं, किरकिरं पोर त्यांच्या खांद्यावर गेलं की गप्प व्हायचं, हे मात्र खरं.

पाळणाघरातलं सगळ्यात लहान बाळ म्हणजे ढमी. गालांमुळे पडलेलं नाव. तिला सर्दी झाली आणि रिवाजाप्रमाणे ती आत गेली. आधी नाक, मग खोकला. एका दुपारी बाटली तोंडाला लावेना, तेव्हा आजींनी हाक मारली, "अगं, इकडे ये. हिचं पोट बघ कसं उडतंय. बरगड्यांखाली खळगा पडतोय." मावशी तिला घेऊन तशाच दवाखान्यात धावल्या. तिची आई कामावरून थेट तिकडेच आली. ढमीला ऑक्सिजनवर ठेवावं लागलं. पण पोर चिवट. बरी होऊन पुन्हा बाटली ओढायला लागली आणि आम्ही सुटकेचा निःश्वास टाकला.

त्या आनंदात आजींच्या खोकल्याकडे कुणाचं लक्षच गेलं नाही. हवा बदललीय, म्हणालो. मग एकदा मी सहज खाली गेले, तर एरवी कान किटवणाऱ्या आजी दोन शब्द बोलून थांबत होत्या, दम घेत होत्या. ओठ निळसर दिसले. मावशींना हाक मारताना माझाच आवाज फाटला.

दवाखान्यातली डॉक्टर लहान चणीची, शांत बाई होती. तिने तपासण्या केल्या आणि मावशींना समोर बसवलं. विषाणू ढमीचाच होता. आरएसव्ही म्हणतात त्याला. "तुम्हाआम्हाला झाला तर नुसती सर्दी," ती म्हणाली. "तान्ह्या बाळाच्या श्वासनळ्या अरुंद असतात आणि म्हाताऱ्या माणसाचं हृदय, फुप्फुसं थकलेली. त्यांच्या छातीत तो उतरू शकतो. खोकल्यातून जातो, हातांवरून जातो. त्याला मारणारं हमखास औषध नाही. ऑक्सिजन द्यायचा, अंगात पाणी ठेवायचं, वाट बघायची."

मावशी उठल्या. बाहेर बाकावर येऊन बसल्या तेव्हा म्हणाल्या, "पोरांना पोरांपासून जपलं गं मी. आणि दुखणं नेऊन ठेवलं ते हिच्या मांडीवर. स्वतःच्या हातानं."

ढमीची आई भेटायला आली ती रडतच. "माझ्या मुलीमुळे झालं हो."

"वेडी आहेस का?" मावशी कडाडल्या. "तुझ्या लेकीला दार उघडता येतं का? आत मी नेलं तिला."

आजी जातात की राहतात, ते बरेच दिवस कळेना. मी तर मनातून आशा सोडली होती. पण म्हातारी घरी आली. अर्धी होऊन आली, नाकाला नळी घेऊन आली, पण आली.

आता नियम उलटा झाला आहे. सर्दीचं पोर घरी राहतं, आईबाप कुरकुरले तरी. मावशी जाता-येता हात धुतात, खेळणी पुसतात. म्हाताऱ्यांसाठी लस निघाली आहे असं डॉक्टर म्हणाली होती, त्या लसीचीही चौकशी करतायत. आणि आतलं दार लोटलेलं असतं.

परवा मी आजींपाशी बसले होते. आजींनी मावशींना हाक मारली. "आज कुणाचं नाक वाहतंय गं?"

"कुणाचंच नाही, आई. आता तसं पोर मी घेतच नाही," मावशी म्हणाल्या. "जरा दमा. तुम्हाला ताकद आली की धडधाकट पोर आणून देईन मांडीवर."

आजींनी नळी सारखी केली. दम घेत, थांबत थांबत म्हणाल्या, "धडधाकट पोर बसतंय होय माझ्याजवळ? ते पळतं खेळायला. मला कोण उरलं मग?"

तेवढ्यात बाहेर कुणीतरी शिंकलं. आजींचे दोन्ही हात आपोआप पुढे झाले. मावशींनी ते धरले आणि तशाच खाली बसल्या.